पावणेनऊची वेळ आणि गुरुवारची संध्याकाळ

लंडनला ऑल्डर्सगेट स्ट्रीटवर बघण्यासारखं फारसं काही नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्या खोलीच्या ओढीने मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक जगभरातून इथे येतात ती खोली आता नाही, ते घरही नाही. आहे ते बार्बिकनच्या काँक्रीटमध्ये उभं असलेलं, ज्वाळेच्या आकाराचं ब्राँझचं स्मारक. मी गेले तेव्हा शेजारचं लंडन संग्रहालय अजून चालू होतं (त्या जागेतून ते २०२२च्या डिसेंबरात बंद झालं) आणि शाळेच्या सहलीची मुलं स्मारकाच्या आडोशाला बसून सँडविचं खात होती. ब्राँझवर या पंथाचा जनक, इंग्रज पाळक जॉन वेस्ली, याच्या रोजनिशीतला २४ मे १७३८चा मजकूर आहे.

मजकूर साधारण असा: संध्याकाळी अगदी नाखुशीने एका सभेला गेलो. तिथे कुणीतरी बायबलमधल्या रोमकरांस पत्राला मार्टिन लूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. पावणेनऊच्या सुमाराला, ख्रिस्तावरच्या विश्वासातून देव माणसाच्या अंतःकरणात कसा पालट घडवतो याचं वर्णन चाललं असताना, माझ्या हृदयात काहीतरी विलक्षण ऊब आल्याचं मला जाणवलं. आपलं पाप, अगदी आपलंसुद्धा, गेलं अशी खात्री पटली.

मी नाशिकला समुपदेशनाचं काम करते, त्यातही व्यसनाधीन माणसांच्या घरच्यांसोबत जास्त. ख्रिस्ती नाही, आणि देवाधर्माच्या बाबतीत कुंपणावरच आहे. पण "हा आता खरंच बदलला का हो, मॅडम?" हा प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो आणि त्याचं सरळ उत्तर मला कधी देता आलेलं नाही. भाची ब्रिस्टलला शिकायला गेली आणि तिच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा या वेस्लीच्या जागा बघायच्या हे मी मनाशी पक्कं केलं. स्वतःच्या बदलाची इतकी बारीक, आणि इतकी परस्परविरोधी, नोंद ठेवणारा दुसरा माणूस माझ्या वाचनात नाही.

आपल्याकडे असा विषय निघाला की एक धर्म सोडून दुसरा घेणं डोळ्यांसमोर येतं. इथे तसं काहीच नाही. त्या संध्याकाळी वेस्ली ३४ वर्षांचा होता, पाळकाचा मुलगा, स्वतः दीक्षित पाळक, ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचा फेलो. धाकटा भाऊ चार्ल्स आणि काही मित्रांबरोबर त्याने ऑक्सफर्डला जी मंडळी जमवली होती, तिच्या शिस्तीची टिंगल म्हणूनच 'मेथडिस्ट' हे नाव पडलं. ही शिस्त किती? तो सांकेतिक लिपीत तासातासाची डायरी ठेवायचा आणि त्या तासात मन देवाकडे किती लागलं याला १ ते ९ मध्ये गुण द्यायचा. डिप्रेशनच्या पेशंटला आम्ही मूडचा तक्ता भरायला देतो, तोही दिवसातून एक-दोनदाच भरून घेतो. कुणी तासागणिक भरून आणला तर मला आनंद होण्याऐवजी काळजी वाटेल.

अशा माणसाचं मन एका क्षणात पालटलं, ही झाली लोकप्रिय गोष्ट. स्मारकापाशी उभं राहून भाचीला मी तिच्या आधीची गोष्ट सांगितली. २५ जानेवारी १७३६. अमेरिकेतल्या जॉर्जियाकडे जाणारं जहाज वादळात सापडलं, पाणी आत आलं, इंग्रज प्रवासी किंचाळायला लागले. त्याच जहाजावरचे मोरेव्हियन पंथाचे जर्मन लोक स्तोत्र म्हणत होते, ते म्हणतच राहिले. वेस्लीने नंतर त्यांच्यातल्या एकाला विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? नाही. बायकामुलांना? आमच्या बायकामुलांना मरणाची भीती वाटत नाही. वेस्लीला मात्र वाटली होती, आणि पाळक असूनही वाटली हे त्याच्या जिव्हारी लागलं. जॉर्जियातलं काम फसलं, एका मुलीत गुंतून त्याचाही विचका झाला, कोर्टकचेरी मागे लागली आणि तो तिथून जवळजवळ पळूनच आला. परतीच्या वाटेवर त्याने लिहिलं की मी तिथल्या मूळ रहिवाशांचं, इंडियनांचं, मन पालटायला अमेरिकेला गेलो, पण माझं कोण पालटणार?

लंडनला पीटर ब्योलर हा तरुण मोरेव्हियन त्याला भेटला. त्याचं म्हणणं, खरा विश्वास एका क्षणात मिळतो. वेस्लीला हे पटेना. त्याने बायबल चाळलं, तर प्रेषितांच्या कृत्यांत बहुतेक उदाहरणं तशीच निघाली. तो म्हणाला, तेव्हा होत असेल, आता कुठे होतं? ब्योलरने जिवंत साक्षीदार आणून उभे केले. मग २१ मे रोजी आजारी चार्ल्सला तो अनुभव आला. धाकट्याला आला, थोरल्याला नाही! २४ तारखेला पहाटे पाचला वेस्लीने बायबल उघडून एक वचन वाचलं, दुपारी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये खोल गर्तेतून देवाला हाक मारणारं स्तोत्र ऐकलं, आणि रात्री पावणेनऊ वाजले.

अनुभव खोटा होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण अनुभव कसा येतो, किती वेळात येतो, आल्यावर काय वाटतं, हा सगळा आराखडा त्याच्या हाती आधीच आलेला होता. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०१-०२ मध्ये एडिंबरोला धार्मिक अनुभवांवर जी व्याख्यानं दिली त्यांत हेच सूत्र आहे: दुभंगलेलं मन एकसंध होण्याची क्रिया जाणिवेच्या खाली बराच काळ चालू असते, आपल्याला दिसतो तो तिचा शेवटचा टप्पा. म्हणून तो अचानक वाटतो.

स्मारकावर न कोरलेला भाग मला अधिक मोलाचा वाटतो. त्याच रात्री, त्याच नोंदीत, वेस्ली लिहितो की थोड्याच वेळात मनात शंका आली, हा विश्वास असेल तर आनंद कुठे आहे? घरी गेल्यावर मोहांनी पुन्हा घेरलं. ४ जानेवारी १७३९ला, म्हणजे साडेसात महिन्यांत, तो लिहितो की मी आजही ख्रिस्ती नाही. १७६६ साली, हजारो लोक त्याला गुरू मानत असताना, चार्ल्सला लिहिलेल्या पत्रात काही शब्द लघुलिपीत लपवून तो कबूल करतो की आपण देवावर कधी प्रेम केलंच नाही. आणि म्हातारपणी त्याने स्वतःच्या जुन्या रोजनिशीला तळटिपा जोडल्या. 'दुसऱ्यांना पालटायला गेलेलो मी स्वतःच कधी पालटलो नव्हतो' या तरुणपणीच्या वाक्याखाली टीप आहे: याची मला खात्री नाही. तेव्हाही माझ्याकडे चाकराचा विश्वास होता, पुत्राचा नसेल.

हे वाचताना मला पंडिता रमाबाई आठवत राहिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्येच, वाँटेजला, त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना वाटलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. पुढे १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात मुलींचं ते प्रसिद्ध रडणं, एका वेळी मोठ्याने प्रार्थना करणं सुरू झालं. तिथे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट पंथातूनच आलेल्या. म्हणजे वेस्लीची ही वाट दौंडच्या अलीकडेपर्यंत येऊन पोचते.

लंडनमध्ये सिटी रोडवर वेस्लीचं चॅपल आहे (१७७८), शेजारी त्याचं राहतं घर. घरात झोपायच्या खोलीला लागून प्रार्थनेची इवलीशी खोली आहे, तिथे भाविक थांबतात. मी थांबले ती त्याच्या विजेच्या यंत्रापाशी. हाताने फिरवायचं चाक, त्यातून सौम्य झटके. गरिबांच्या दुखण्यांवर तो हे वापरायचा. रस्त्यापलीकडच्या बनहिल फील्ड्सच्या दफनभूमीत त्याची आई सुझॅना आहे. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

पॅडिंग्टनहून गाडी पकडून आम्ही ब्रिस्टलला परतलो. ब्रॉडमीड हा तिथला खरेदीचा भाग. चपलांची, कपड्यांची, मोबाईलची दुकानं, आणि त्यांच्या मधोमध एका अंगणात घोड्यावर बसलेला वेस्ली. मागे 'न्यू रूम'. १७३९च्या मे महिन्यात पाया घातलेली मेथडिस्टांची ही जगातली सर्वांत जुनी इमारत. भाची रोज या रस्त्याने जायची आणि तिने ती कधी पाहिली नव्हती. आत शिरलं की दुकानांचा गोंगाट तुटतो. पांढऱ्या भिंती, साधी बाकं, एकावर एक असा दोन मजली व्यासपीठाचा थाट, छताच्या मध्यावर उजेड आत घेणारा अष्टकोनी काचेचा झरोका. वरच्या मजल्यावर प्रवासी उपदेशकांच्या खोल्या, आता त्यांचं संग्रहालय केलंय. वरच्या एका खिडकीतून खालचं व्यासपीठ थेट दिसतं. नवशिका उपदेशक काय बोलतो ते वेस्ली इथून ऐकायचा म्हणे. माझ्या पहिल्या नोकरीत काचेमागे बसून माझी सत्रं ऐकली जायची. त्या बिचाऱ्यांबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडला कोळशाच्या खाणी होत्या. १७३९च्या फेब्रुवारीत जॉर्ज व्हाइटफील्ड या उपदेशकाने तिथे उघड्यावर उपदेश सुरू केला आणि खाणकामगारांच्या काळ्या गालांवर अश्रूंचे पांढरे ओहोळ पाहिले. त्याने वेस्लीला बोलावून घेतलं. शिस्तीच्या या माणसाला चर्चबाहेर उपदेश करणं म्हणजे शोभा घालवणं वाटायचं, पण २ एप्रिलला तोही उघड्यावर उभा राहिला, समोर सुमारे तीन हजार माणसं. आणि मग लोक पडायला लागले. किंकाळ्या, थरथर, जमिनीवर लोळणं, आणि थोड्या वेळाने शांत होऊन देवाचे आभार मानणं.

यातली जॉन हेडनची हकिकत मला सगळ्यांत बोलकी वाटते. हा विणकर. सरळमार्गी, चर्चला नेमाने जाणारा. लोक पडतात हे ऐकून तो स्वतः बघायला गेला आणि पाहिल्यावर रात्री एक वाजेपर्यंत ओळखीपाळखीच्यांना पटवत हिंडला की हे सगळं सैतानाचं मायाजाल आहे. दुसऱ्या दिवशी जेवायला बसला, तर मनात आलं की उसना आणलेला 'विश्वासाने तारण' हा उपदेश आधी वाचून संपवावा. शेवटच्या पानावर त्याचा रंग उडाला, तो खुर्चीवरून खाली पडला आणि ओरडत जमिनीवर अंग आपटू लागला. बायको लोकांना घरात येऊ देईना, तर हाच म्हणाला, येऊ दे सगळ्यांना, देवाचा न्याय सगळ्या जगाला दिसू दे.

विल्यम सार्जंट या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकात पावलोव्हच्या कुत्र्यांचे प्रयोग वेस्लीला लावले: भीती दाखवून मेंदू थकवायचा, तो कोलमडला की नवी श्रद्धा आत घालायची. वाचायला हे चटकदार आहे. पण हेडन कोलमडला तो घरी, ताटावर बसून, समोर ना वेस्ली ना गर्दी. त्याच्या आत जे चाललं होतं त्याविरुद्ध तो मध्यरात्रीपर्यंत भांडत होता, ते इतरांशी नसून स्वतःशीच होतं असं मला वाटतं. शिवाय वेस्लीचे छापील उपदेश वाचले तर त्यांत नरकाच्या आगीपेक्षा तर्कच जास्त आहे. उलट चार्ल्सचा एक प्रयोग सार्जंटच्या बाजूने जातो. १७४३ मध्ये न्यूकासलला त्याने आधीच जाहीर केलं की ज्यांच्या ओरडण्याने माझा आवाज बुडेल त्यांना गुपचूप उचलून खोलीच्या शेवटच्या कोपऱ्यात नेण्यात येईल. त्या रात्री उचलणाऱ्यांना काही कामच उरलं नाही! दोघे सख्खे भाऊ, पण चार्ल्सला हे फिटचं प्रकरण कधी रुचलं नाही.

हे सारं नाट्य मला थोडक्यात उरकता आलं असतं, कारण माझ्या मते न्यू रूमची खरी देणगी वेगळीच आहे आणि ती कर्जापायी जन्माला आली. इमारत वाढवली, पैसे थकले. १५ फेब्रुवारी १७४२ला ते कसे फेडायचे याची बैठक झाली. कॅप्टन फॉय नावाचा जुना खलाशी म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणी म्हणालं, कित्येकांना तेही परवडत नाही. त्यावर फॉय म्हणाला, मग सर्वांत गरीब अकरा माझ्याकडे द्या, ते देतील तर उत्तम, नाही तर त्यांचे मी भरीन. अशा बारा-बाराच्या टोळ्या पडल्या, त्यांना 'क्लास' म्हणू लागले. आपल्या बचत गटासारखंच. आठवड्याला पेनी गोळा करायला गेलेला प्रमुख घरात काय चाललंय ते बघून यायचा: अमका प्यायला लागलाय, तमकी रडत होती. वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. मग घरोघर जाण्याऐवजी क्लासच आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला. प्रत्येकाने आपल्या जिवाचं कसं चाललंय ते सांगायचं, इतरांनी ऐकायचं, धीर द्यायचा, गरज पडली तर सुनवायचं. कितीतरी क्लासच्या प्रमुख बायका होत्या.

त्याहून आत 'बँड' नावाचे चार-पाच-सहा जणांचे गट, पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे, लग्न झालेल्यांचे-न झालेल्यांचेही वेगळे. त्यांचे नियम १७३८च्या नाताळातले आहेत. आत घेतानाच विचारायचे: तुमचे दोष तुम्हाला स्पष्ट सांगितलेले चालतील का? आणि दर भेटीत: मागच्या भेटीनंतर कोणती पापं हातून घडली? कोणते मोह झाले? त्यांतून सुटका कशी झाली? ग्रुप थेरपीचं शिक्षण घेताना आम्हाला जे वर्षभर शिकवलं ते विणकर आणि खाणकामगार दोनशेहून जास्त वर्षं आधी करत होते.

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगते. दर तिमाहीला क्लासचं तिकीट मिळायचं आणि ते नाकारताही यायचं. १७४३च्या मार्चमध्ये वेस्लीने न्यूकासलच्या मंडळीतून काढलेल्या ६४ जणांची कारणांसह यादी रोजनिशीत आहे. दारूपायी १७. भांडखोरपणापायी ३. आळशीपणापायी १. थिल्लरपणा आणि बेपर्वाईपायी २९. बायकोला मारल्याबद्दल १. ज्या सतरांना त्या गटाची सगळ्यांत जास्त गरज होती तेच बाहेर! आणि बायकोला मारणारा एकच? न्यूकासलमध्ये मारणारे इतके कमी असतील यावर माझा विश्वास नाही. सांगणाऱ्या कमी होत्या. ज्या गटात सगळं सांगायचं त्यातही काय सांगायचं नाही हे ठरलेलंच असतं, ते मी माझ्या गटातही बघते.

तरी टिकलं ते हेच. व्हाइटफील्ड वेस्लीपेक्षा मोठा वक्ता होता. उतारवयात तो म्हणाला असं सांगतात की वेस्लीने जागे झालेल्या लोकांना क्लासमध्ये बांधलं, मी बांधलं नाही, माझी माणसं म्हणजे वाळूचा दोर. वेस्लीनेही १७६३ मध्ये वेल्समध्ये पाहिलं की वीस वर्षं जोरदार उपदेश होऊनही जिथे गट बांधले नाहीत तिथे जागे झालेल्या दहांपैकी नऊजण पुन्हा पहिल्यापेक्षा गाढ झोपलेत. त्याच काळात तो लंडनमधल्या ६५२ सभासदांच्या साक्षी घेत होता. पापापासून पूर्ण सुटका झाल्याचा दावा करणारी ही माणसं, आणि झाडून सगळ्यांनी ती एका क्षणात झाल्याचं सांगितलं. विल्यम जेम्सनेही ही साक्ष उद्धृत केली आहे. मला यातली गंमत वेगळी वाटते. तपासनीस स्वतः त्या पूर्णतेचा दावा कधी करत नव्हता.

न्यू रूमच्या कॅफेत चहा घेताना तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांना मी विचारलं की अजून क्लास भरतात का. "नावाला," ते म्हणाले, "आता आम्ही एकमेकांना फार चांगलं वागवतो, खरं काही विचारत नाही." आणि बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली.

शेवटी एपवर्थ. लिंकनशायरचा हा कोपरा अगदी सपाट, सतराव्या शतकात डच तंत्राने निचरा करून दलदलीतून काढलेली जमीन. डॉनकास्टरला उतरून टॅक्सी केली, ती खिशाला चांगलीच जड गेली. वेस्लीचे वडील सॅम्युएल इथले पाळक. ९ फेब्रुवारी १७०९च्या रात्री घर पेटलं आणि पाच वर्षांच्या जॉनला वरच्या खिडकीतून लोकांनी खांद्यावर उभं राहून काढलं. 'आगीतून ओढून काढलेलं कोलीत' हे बायबलमधलं वचन तो आयुष्यभर स्वतःला लावत राहिला. वाचलेल्या मुलाचं काहीतरी खास प्रयोजन असणार, हे ओझं पाच वर्षांच्या पाठीवर बसलं तर तो पुढे तासातासाला गुण देणारच.

आगीनंतर बांधलेलं विटांचं घर आजही उभं आहे. स्वयंपाकघर मोठं. नवरा लंडनला गेलेला असताना सुझॅनाने रविवारी संध्याकाळी घरच्यांसाठी उपासना सुरू केली आणि शेजारीपाजारी येता येता दोनशेवर माणसं जमली. तिला एकोणीस मुलं झाली, जवळजवळ निम्मी लहानपणीच गेली. उरलेल्यांसाठी तिने वार वाटून दिले होते. सोमवार मॉलीचा, बुधवार नॅन्सीचा, गुरुवार जॅकीचा म्हणजे जॉनचा, शुक्रवार पॅटीचा, शनिवार चार्ल्सचा, रविवार एमिली आणि सुकीचा. त्या संध्याकाळी त्या मुलाशी एकटीने बसून त्याच्या मनातलं बोलायचं. १७३२ मध्ये ऑक्सफर्डचा फेलो झालेला जॉन आईला लिहितो की पूर्वी देत होतीस तो गुरुवारच्या संध्याकाळचा थोडासा वेळ मला पुन्हा दे, तेव्हा त्याने माझी बुद्धी घडली, आता हृदय सुधारेल. हे वाचून मला वाटलं, ऑल्डर्सगेटपेक्षा क्लासचं मूळ इथे जास्त आहे. वार ठरलेला, माणूस ठरलेला, आणि विचारणारं कुणीतरी.

पण याच आईने लिहून ठेवलंय की मुलाची हट्टी इच्छा आधी मोडली पाहिजे, वर्षाची होताच त्यांना छडीची भीती आणि हळू रडायला शिकवलं पाहिजे. मी ते माहिती देणाऱ्या बाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्या काळात सगळेच तसं करायचे. मी म्हटलं, मग हेटीचं काय?

हेटी ही यांच्यातली सगळ्यांत बुद्धिमान मुलगी, कविता करायची. पळून गेली, फसवली गेली, पोटुशी परत आली. १७२५ मध्ये बापाने तिचं लग्न एका प्लंबरशी लावून टाकलं आणि तिला मनापासून कधी माफ केलं नाही. जॉनने तिची बाजू घेत चर्चमध्ये चुकलेल्यांवरच्या दयेचा उपदेश केला, त्यावरून बापाशी वाजलं. तिची मुलं जगली नाहीत. पुढे ती मेथडिस्टांमध्ये आली, आणि १७५०च्या मार्चमध्ये ती अखेरची आजारी असताना चार्ल्स तिच्याजवळ होता. त्याच्या रोजनिशीत आहे की मी बहिणीजवळ प्रार्थना केली, कोवळा, थरथरता जीव. बाईंनी मान डोलावली आणि भिंतीवरच्या वारांच्या यादीकडे बोट केलं. हेटीचा वार मंगळवार होता.